भंगारातून रंगीत लेझर प्रोजेक्टर: कुठला भाग ठेवायचा आणि कुठला सोडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडे दोन जुने डीव्हीडी रायटर, बंद पडलेला एलसीडी प्रोजेक्टर, एक लेझर प्रिंटर, दोन हार्ड डिस्क आणि मित्राने दिलेली, लेझर प्रोजेक्टरमधून काढलेली निळ्या डायोडांची पट्टी एवढं सामान जमलंय. यातून लाल, हिरवा, निळा एकत्र करणारा प्रोजेक्टर बनवायचा आणि सोसायटीच्या गणपतीत पडद्यावर आकृत्या दाखवायच्या, असा बेत आहे. जमेल का? आणि सुरुवात कुठून करावी?

जमेल. मी बरीच वर्षं प्रोजेक्टर आणि स्टेज लाइटांच्या दुरुस्तीत आहे, म्हणून आधी एक गोष्ट ठासून सांगतो. तुमच्या ढिगात सगळ्यात भारी वाटणारी निळी पट्टी या कामाची नाही. खरा खजिना आहे तो एलसीडी प्रोजेक्टरमधल्या रंगीत काचांमध्ये आणि प्रिंटरमधल्या आरशांमध्ये. लेझर प्रोजेक्टर चांगला ठरतो तो तीन किरण एकाच रेषेत बसल्यामुळे आणि आरसे वेगानं, नेमके हलल्यामुळे. वॅट वाढवून यातलं काहीही सुधारत नाही.

पट्टी का नको, ते आकड्यांतच बघा. आपला डोळा सगळ्या रंगांना सारखा प्रतिसाद देत नाही. सर्वात जास्त तो ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी-हिरव्याला देतो. त्या रंगाला १०० धरलं तर ५२० नॅनोमीटरचा हिरवा साधारण ७१ भरतो, डीव्हीडी रायटरचा ६६० नॅनोमीटरचा लाल जेमतेम ६ आणि ४५० चा निळा ४ च्या आत. निळा दिसायला मंद असला तरी रंग ओढण्यात जबरदस्त असतो, त्यामुळे पांढरा जमवायला तो थोडाच लागतो. हिशेब केला तर दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्यासाठी लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण सुमारे ४ : १ : ०.६ येतं. म्हणजे लाल १२० मिलिवॅट मिळाला तर हिरवा ३० आणि निळा २० च्या आतबाहेर पुरे. तुमच्या पट्टीतला एकेक डायोड १ वॅटचा किंवा त्याहून मोठा असणार, म्हणजे गरजेच्या पन्नासपट. करंट अगदी कमी ठेवून चालवू म्हणाल, तर असा डायोड उंबरठ्याच्या (लेझर पेटायला लागणाऱ्या किमान करंटच्या) जवळ डळमळत चालतो आणि ड्रायव्हर एकदा जरी बिघडला तरी त्याच क्षणी पूर्ण ताकदीनं पेटतो. शिवाय त्याचा किरण रुंद पट्टीसारखा पसरतो, छोट्या आरशावर मावतच नाही. धोक्यानुसार लेझरचे वर्ग केलेले असतात, त्यात ५०० मिलिवॅटच्या वरचा लेझर सगळ्यात वरच्या वर्ग ४ मध्ये येतो. तिथे भिंतीवरून विखुरलेला प्रकाशसुद्धा जवळून डोळ्याला इजा करू शकतो. पट्टी गुंडाळून, पिना एकमेकींना जोडून, कपाटात ठेवून द्या.

लाल मात्र भंगारातूनच घ्या. १६एक्स किंवा त्यापुढचा डीव्हीडी रायटर असेल तर आतला लाल डायोड या कामाला उत्तम. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हमधला अगदीच मिणमिणता असतो, तो काढायची मेहनत फुकट जाईल. रायटरमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोडही असतो. कधी वेगळा, कधी लालसोबत एकाच डबीत. हा किरण जवळजवळ दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही आणि डोळा भाजत राहतो. कुठली पिन कुणाची हे कळेपर्यंत डायोडचं तोंड काळ्या पुठ्ठ्याकडेच ठेवा. लेझर प्रिंटरमधला डायोडही बहुतेक वेळा इन्फ्रारेडच असतो, त्याला हातच लावू नका.

डायोड काढताना एक काम सगळ्यात आधी करायचं. स्लेडवरची (लेन्स आणि डायोड वाहून नेणाऱ्या सरकत्या भागावरची) रिबन केबल कापण्यापूर्वी डायोडच्या तिन्ही पिनांभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळून त्या एकमेकींना जोडून टाका. ही तार ड्रायव्हर जोडून झाल्यावरच सोडायची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठताना अंगावर साचलेल्या चार्जनंही डायोड मरतो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. तो पेटतो, पण लेझरऐवजी साध्या एलईडीसारखा मंद, पसरट उजेड देतो. तसं दिसलं की समजायचं, गेला. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा आणि सोल्डरिंग आयर्नचं अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला नुसतं भोक असतं, अर्थ नसतो.

हिरव्याच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: नवा डायोड विकत घ्या. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये थेट हिरवा डायोड क्वचितच असतो. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड एका क्रिस्टलला पंप करतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य किरण निघतो आणि दुसरा क्रिस्टल त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ चा हिरवा देतो. स्वस्त मालात शेवटचा इन्फ्रारेड फिल्टर गाळलेला असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांचे मानक ठरवणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये असा एक पॉइंटर मोजला होता. हिरवा प्रकाश मंद आणि बाहेर पडणारा इन्फ्रारेड सुमारे २० मिलिवॅट! दुसरं कारण आपल्या गावचं आहे. पंप डायोडची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते आणि क्रिस्टलला ८०८ च्या आसपासचा अरुंद पट्टाच चालतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी जुळवलेला हिरवा रात्री १० वाजता निम्मा झालेला दिसेल आणि रंगांचा सगळा तोल बिघडेल. वेगानं चालू-बंद करायलाही हे मॉड्यूल कुरकुरतं. त्यामुळे ५२० नॅनोमीटरचा थेट डायोड घ्या, सिंगल मोड (म्हणजे बारीक, एकसंध किरण देणारा), ५० मिलिवॅटच्या आसपासचा. तसाच निळ्यासाठी ४५० नॅनोमीटरचा, ८० मिलिवॅटचा सिंगल मोड. ब्लू-रे ड्राइव्हमधला ४०५ चा जांभळा फुकट मिळतो म्हणून वापरू नका. डोळ्याला तो निळ्याच्याही कितीतरी पट मंद दिसतो, त्यामुळे लोक नकळत त्याची ताकद वाढवत नेतात.

आता ड्रायव्हर. डायोडला व्होल्टेज द्यायचं नसतं, ठरावीक करंट द्यायचा असतो. सुरुवातीला एलएम ३१७ हा रेग्युलेटर आयसी पुरेसा आहे. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनेच्या मध्ये रेझिस्टर लावला की करंट म्हणजे १.२५ भागिले त्या रेझिस्टरचे ओहम. १० ओहमला १२५ मिलिअँपिअर, ७.५ ला १६७. डीव्हीडी रायटरचा लाल डायोड साधारण ४०-५० मिलिअँपिअरला लेझर म्हणून पेटायला लागतो आणि त्यापुढे अंदाजे प्रत्येक मिलिअँपिअरमागे १ मिलिवॅट देतो. म्हणजे ७.५ ओहमवर आपल्याला हवा तेवढा लाल मिळतो. डायोडचे ३ व्होल्ट, रेझिस्टरचे १.२५ आणि आयसीचे स्वतःचे २ धरून ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्या.

खरा डायोड लावण्याआधी नकली डायोडवर तपासणी झालीच पाहिजे. १एन४००७ रेक्टिफायर डायोड एकामागोमाग जोडायचे, लालसाठी चार, हिरव्या-निळ्यासाठी आठ, आणि शेवटी १ ओहमचा रेझिस्टर. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या १ ओहमच्या दोन टोकांना लावा. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. सप्लाय दहा-वीस वेळा चालू-बंद करा आणि चालू होतानाचा झटका बघा. जमलं तर कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर बघा, कारण मल्टिमीटरला तो झटका पकडताच येत नाही. लेझर डायोडला मायक्रोसेकंदाचा झटकासुद्धा पुरतो. त्याच्या टोकाची आरशासारखी बाजू जळते आणि ती दुरुस्त होत नाही. आउटपुटला लावलेला कपॅसिटर चार्ज असताना डायोड कधीही जोडायचा नाही. आधी कपॅसिटर शॉर्ट करून रिकामा करा, मगच सोल्डर.

पुढे आकृत्या काढताना प्रत्येक रंग वेगानं कमी-जास्त करावा लागतो, आणि तिथे एलएम ३१७ पुरा पडत नाही. त्या वेळी ऑप-अँप (सिग्नलची तुलना करून तो वाढवणारी आयसी), एक ट्रान्झिस्टर आणि करंट मोजणारा १ ओहमचा सेन्स रेझिस्टर यांचा ड्रायव्हर करायचा. तो नंतरचा टप्पा.

या सगळ्या कामात मला सर्वात आवडणारा भाग म्हणजे किरण एकत्र करणं. तुमच्या एलसीडी प्रोजेक्टरमध्ये दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशाचे तीन रंग वेगळे करायला डायक्रोइक काचा असतात. आपण त्याच काचा उलट्या वापरायच्या. ट्यूबलाइटखाली काच ४५ अंशांत धरून बघा. एक काच आरपार पाहिल्यावर पिवळी आणि परावर्तनात निळी दिसेल. ती लाल-हिरवा जाऊ देते, निळा परतवते. दुसरी आरपार लाल आणि परावर्तनात मोरपंखी दिसेल. ती लाल जाऊ देते, बाकीचे परतवते. मांडणी अशी: लाल किरण सरळ, वाटेत आधी लाल दिसणारी काच, तिच्यावर बाजूनं हिरवा टाका, तो वळून लालमध्ये मिसळतो. पुढे पिवळी दिसणारी काच. तिच्यावर बाजूनं निळा. काचेची लेपाची बाजू, बाजूनं येणाऱ्या किरणाकडे हवी, नाहीतर काचेच्या दोन्ही पृष्ठांवरून दोन ठिपके पडतात. प्रोजेक्टरमधला चौकोनी क्रॉस प्रिझमही मोहात पाडतो, पण त्याच्या मधोमध चार तुकड्यांचा सांधा असतो. बारीक लेझर नेमका तिथेच पडला की चिरफाळतो. सुट्या काचाच बऱ्या.

एक बारकावा पुस्तकात पटकन सापडत नाही. डायोडचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात, आणि ४५ अंशांतल्या डायक्रोइक काचेची रंगाची सीमा ध्रुवणानुसार सरकते. हिरवा नीट वळत नसेल, बराचसा आरपार जात असेल, तर काचेला दोष देण्याआधी डायोडची नळी तिच्या अक्षाभोवती ९० अंश फिरवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानंच निम्मा वाया जाणारा प्रकाश परत मिळतो.

जुळवणी दोन ठिकाणी बघून करतात. काचेच्या लगेच पुढे एक पांढरा कागद आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा. जवळच्या कागदावर ठिपके जुळत नसतील तर काच सरकवायची, दूरच्या कागदावर जुळत नसतील तर काच कलती करायची. दोन्हीकडे जुळेपर्यंत आलटून पालटून. माउंट घरी होतो: अ‍ॅल्युमिनियमचे दोन तुकडे, तीन एम३ स्क्रू, मध्ये बॉलपेनच्या स्प्रिंगा. पण हात किती हळू लागतो बघा. एम३ चा आटा ०.५ मिलिमीटरचा. स्क्रूमधलं अंतर ४० मिलिमीटर असेल तर एका पूर्ण फेऱ्यात काच ०.०१२५ रेडियन कलते, परावर्तित किरण त्याच्या दुप्पट, आणि १० मीटरवर ठिपका २५ सेंटिमीटर सरकतो. नुसता पाव फेरा दिला तरी सहा सेंटिमीटर. म्हणून स्क्रूला लांब दांड्याची अ‍ॅलन की लावून केसभर फिरवायचं आणि जुळल्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. तळाला ८ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम प्लेट घ्या. प्लायवूड पावसाळ्यात फुगतं आणि सगळी मेहनत वाकडी होते. फेविक्विक या डब्याच्या आसपासही नको. सुकताना त्याची वाफ लेन्सवर आणि आरशांवर पांढरी साय धरते. अ‍ॅरल्डाइट वापरा आणि झाकण लावण्याआधी ते पूर्ण सुकू द्या.

आता हलणारे आरसे. प्रिंटरमधले लांब पट्टीचे आरसे पुढच्या पृष्ठावर लेप असलेले असतात, म्हणून ते मौल्यवान. घरच्या आरशाचा लेप काचेच्या मागे असतो आणि तो दोन प्रतिमा देतो. पट्टीतून ८ बाय १० मिलिमीटरचे तुकडे कापून घ्या. सीताबर्डीत किंवा महाल भागात फोटो फ्रेम करणारा कारागीर हिऱ्याच्या कटरनं कापून देईल, पण त्याला बजावा की ओरखडा लेप नसलेल्या बाजूनं मारायचा आणि लेपाची बाजू फडक्यानं पुसायची नाही. सवयीनं ते पुसतातच.

हे आरसे हार्ड डिस्कच्या हाताला (आतल्या हलत्या दांडीला) चिकटवून गॅल्व्हो, म्हणजे करंटनुसार आरसा वळवणारी यंत्रणा, करता येतो. त्या हाताची कॉइल ताकदीची असते. अडचण वेगळी आहे: तिला स्प्रिंग नसते, त्यामुळे करंट दिला की हात एका टोकाला जाऊन आदळतो, ठरावीक कोनात थांबत नाही. दोन बारीक स्प्रिंगा लावल्या आणि टीडीए २०३० च्या अँप्लिफायरनं दुहेरी सप्लायवर चालवलं तर काही दहा हर्ट्झपर्यंत (सेकंदाला तितक्या हेलकाव्यांपर्यंत) लिसाजूच्या, म्हणजे दोन आरशांच्या लयीतून उमटणाऱ्या, आकृत्या, फुलं, वेटोळी मिळतात. संगीतासोबत ते फार देखणं दिसतं आणि मांडवासाठी तेवढं पुरेसंही आहे. याच्या पुढे जायचं असेल तर जुन्या बॉल माउसमधला खाचेचा ऑप्टिकल सेन्सर हाताखाली बसवा. हाताला चिकटवलेली पुठ्ठ्याची तिरपी पट्टी प्रकाश कमी-जास्त अडवते, त्यावरून कोन कळतो आणि ऑप-अँपचं फीडबॅक सर्किट हाताला जागेवर आणतं. कंट्रोल सिस्टीमचा विषय यातून जेवढा कळतो तेवढा परीक्षेच्या तयारीत कळत नाही, म्हणून एकदा हे कराच.

पण पडद्यावर "गणपती बाप्पा मोरया" अशी अक्षरं हवी असतील तर स्पष्ट सांगतो, हार्ड डिस्कच्या हातानं ती येणार नाहीत. देवनागरीत शिरोरेघा, काने, मात्रा, वेलांट्या. दर अक्षराला उडी आणि प्रत्येक उडीत प्रकाश विझवणं. त्याला सेकंदाला किमान २० हजार बिंदू काढणारा तयार गॅल्व्हो संच लागतो. खर्च करायचा असेल तर हिरव्या आणि निळ्या डायोडनंतरचा पैसा तिथेच घाला. सिग्नलसाठी सुरुवातीला यूएसबी साउंड कार्ड चालेल. त्याच्या आउटपुटचे कपॅसिटर डीसी अडवतात, म्हणून स्थिर ठिपका जागेवर राहत नाही. ते वगळून थेट ऑप-अँपवर घ्यावं लागतं.

उष्णतेचं थोडक्यात. लाल डायोड गरमीला सगळ्यात हळवा. तापला की प्रकाश घटतो आणि पांढरा हळूहळू हिरवट-मोरपंखी होतो. तिन्ही नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात घट्ट बसवा, थर्मल पेस्ट लावा, बाहेरून पंखा द्या. वॉटर डिस्पेन्सरमधली थंड करणारी पेल्टिअर प्लेट लावण्याचा विचार गणपतीच्या दिवसांत करू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत थंड लेन्सवर दव धरतं. डबा कूलरच्या झोतातही ठेवू नका. त्या पाण्यातले क्षार आरशावर ठिपके पाडतात.

सुरक्षेबद्दल आता काही गोष्टी, आणि यात मी कुणालाही सूट देत नाही. तुमचा तिन्ही रंग मिळून दीड-दोनशे मिलिवॅटचा प्रोजेक्टर वर्ग ३बी मध्ये येतो. थेट किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटायला लागणारा पाव सेकंदही रेटिनावर कायमचा डाग पाडायला पुरेसा आहे, आणि तो डाग चष्म्यानं जात नाही. मिरवणुकांमधल्या लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत राज्यात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. त्यामुळे चष्मे भंगारातले किंवा साधे रंगीत नकोत. तरंगलांबी आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे प्रकाश किती अडतो त्याचं माप) छापलेले विकत घ्या, ओडी ४ किंवा जास्त. नारिंगी चष्मा निळा-हिरवा अडवतो पण लाल सोडतो, लालसाठी निळसर-हिरवट वेगळा लागतो. म्हणून एका वेळी एकच रंग चालू ठेवून काम करा. तिन्ही एकत्र बघायची जुळवणी करंट उंबरठ्याच्या जरा वर ठेवून, कागदावरच करा. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा. खोलीत लाइट चालू ठेवा, अंधारात बाहुली मोठी होते.

मांडवात डबा ३ मीटरपेक्षा उंच, पाइपला क्लॅम्पनं घट्ट, आणि किरण फक्त पडद्यावर. पडद्याच्या कडेबाहेर किरण जाऊच नये म्हणून डब्याच्या तोंडाशी काळ्या पत्र्याची चौकट लावा. सॉफ्टवेअरच्या मर्यादेवर विसंबू नका. पडदा मॅट कापडाचा घ्या. फ्लेक्स चकाकतो, नको. मागे बाल्कनीत कुणी उभं राहत नाही ना, ते बघून घ्या. चावीचा स्विच आणि लाल बटण ऑपरेटरच्या हाताशी. शिवाय आरसा अडकून किरण एका जागी थांबला तर प्रकाश आपोआप बंद करणारं कंपॅरेटर सर्किट बसवा. एकाच ठिकाणी थांबलेला किरण सगळ्यात घातक. आकाशाकडे तर अजिबात नाही. सोनेगावचा विमानतळ शहराच्या कुशीतच आहे आणि उतरणारी विमानं वस्तीवरूनच येतात. मंडळाची परवानगी काढतानाच पोलीस ठाण्यात लेझरचा उल्लेख करून लेखी घ्या. बंदीचे आदेश दरवर्षी बदलतात.

सुरुवात लालपासून करा. एका रायटरचा डायोड काढण्याआधी एलएम ३१७ आणि नकली डायोड तयार ठेवा. १० ओहमवर त्या १ ओहमच्या रेझिस्टरला किती मिलिव्होल्ट दिसतात आणि चालू होताना ऑसिलोस्कोपवर रेघ कशी उडी मारते, त्याचा फोटो पाठवा. रेघ सपाट असेल तर डायोड जोडायला हरकत नाही. टोक दिसत असेल तर आधी कपॅसिटर कुठे आणि किती लावलाय ते बघू.